पॉइंट सरकवायच्या आधी

फळ्यावर गणित आहे, ४.५ भागिले ०.२५. लगेच सोडवू नका, आधी एवढंच सांगा की उत्तर साडेचारपेक्षा मोठं येणार की लहान? बरीच मुलं लहान म्हणतात, आणि त्यांचंही बरोबरच आहे हो, कारण आतापर्यंत भागाकार म्हणजे वाटणी, १२ वह्या ४ जणांत वाटल्या की प्रत्येकाला ३, आकडा दरवेळी कमीच झालेला त्यांनी बघितलाय. पण ०.२५ जणांत वाटायचं म्हणजे काय करायचं?

तर इथे वाटणी सोडा, मापायला घ्या. कॅनमध्ये साडेचार लिटर दूध आहे आणि हातात पाव लिटरचं माप, मग किती मापं भरतील? एका लिटरला ४, चार लिटरला १६, वरच्या अर्ध्या लिटरची २, झाली १८. माप एक लिटरपेक्षा लहान, म्हणून मापांचा आकडा लिटरच्या आकड्यापेक्षा मोठा.

पूर्वी हे पैशांवरून समजायचं. १ एप्रिल १९५७ ला १६ आण्यांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला आणि दशांश थेट खिशात आला. पण २५ पैसे आणि त्याखालची नाणी जून २०११ अखेर चलनातून गेली, आजच्या पाचवीतल्या मुलाने चार आणे हातात धरलेलेच नाहीत, त्यामुळे लिटर, मीटर, किलो हेच घ्यावं असं मला वाटतं.

आता पॉइंट. दोन घरं सरकवा हे पाठ असतं सगळ्यांना, का सरकवायचा ते मात्र राहून जातं. लिटरचे मिलिलिटर करा, ४५०० भागिले २५०, दूध तेच, माप तेच, मग उत्तरही तेच १८. ४५० भागिले २५ केलं तरी तेच झालं, दोन्हीला १०० ने गुणलं. फक्त भाजकाचा पॉइंट सरकवला तर मात्र पाव लिटरचं माप २५ लिटरचं होऊन बसतं आणि उत्तर येतं ०.१८, म्हणजे एकही माप भरलं नाही!

खरी गंमत बाकीत आहे आणि इथे शिक्षकांनी खरंच थांबायला हवं. दूध ४.६ लिटर घ्या. ४६० भागिले २५, भागाकार १८, बाकी १०. मुलं बाकी १० लिहून मोकळी होतात. विचारा त्यांना, ४.६ लिटरमधून १० लिटर दूध उरलं का? ते १० शतांश आहेत, म्हणजे ०.१० लिटर, १०० मिली. आणि पुढे भागत गेलं तर उत्तर १८.४ येतं, तेव्हा त्या .४ चं काय? ते ०.४ लिटर नाही, मापाचा ०.४ भाग आहे, आणि ०.२५ ला ०.४ ने गुणून बघा, तेच १०० मिली.