खरखरीचा वारसा

नमस्कार, श्रोतेहो. रेडिओचा काटा स्टेशनवरून जरासा सरकला की खरखर सुरू होते आणि आपला हात आपसूक बटणाकडे जातो. नॉर्वेतल्या काही तरुणांनी मात्र अशी खरखर मुद्दाम, हट्टाने टेपवर उतरवली. आज त्यांच्या ब्लॅक मेटल या कर्कश, काळोख्या रॉक संगीताविषयी बोलू या.

हे नाव काही नॉर्वेचं नाही. ब्रिटनच्या व्हेनम या बँडने १९८२ साली आपल्या अल्बमला ते दिलं होतं. १९९१ मध्ये ऑस्लोत ‘हेल्वेटे’, म्हणजे ‘नरक’, नावाचं रेकॉर्डचं दुकान उघडलं. मालक होता मेहेम बँडचा गिटारवादक यूरोनिमस. त्या दुकानात जमणाऱ्या पोरांनी या नावाला जो आवाज दिला, तोच पुढे त्याची ओळख झाला.

डार्कथ्रोन या बँडचंच बघा. १९९१ चा त्यांचा पहिला अल्बम डेथ मेटल या दुसऱ्या जड प्रकारातला, चांगल्या स्टुडिओतला, घोटीव. पुढच्याच वर्षी त्यांनी तो सगळा सफाईदारपणा फेकून दिला. १९९४ च्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ची सगळी वाद्यं तर ड्रमर फेनरिझने एकट्याने, साध्या चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर वाजवून घेतली. त्यात गिटारची तार न थांबता छेडली जाते, खर्ज जवळपास गायब, ड्रम एकाच चालीने पळत असतात. पहिल्यांदा ऐकताना मला वैताग आला होता, हे कबूल करतो. पण चार-पाच मिनिटांनी गंमत होते. वेग जाणवेनासा होतो आणि सगळं जागच्या जागी थिजल्यासारखं वाटतं. मग त्या गारठ्यातून एक साधी, उदास चाल हळूच वर येते.

बुर्झुम या एकट्याच्याच बँडच्या व्हार्ग विकर्नेसने तर एका अल्बमच्या गायनासाठी ‘तुमच्याकडचा सगळ्यात टुकार माइक द्या’ अशी मागणी केली. त्याला हेडसेटचा माइक मिळाला, आणि तो खूश!

याच माणसाने ऑगस्ट १९९३ मध्ये यूरोनिमसचा खून केला आणि त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी, जून १९९२ मध्ये, बर्गनजवळचं फानटोफ्टचं जुनं लाकडी चर्च जळालं होतं. पाठोपाठ इतर चर्चेसना आगी लावल्या गेल्या. ब्रिटनच्या ‘केरँग!’ मासिकाने खुनाच्या आधीच, मार्च १९९३ मध्ये, ही जाळपोळ मुखपृष्ठावर आणली आणि बाहेरच्या जगाला या संगीताची ओळख आधी गुन्ह्यांमधून झाली. आजही अनेकांचं कुतूहल तिथेच अडकलेलं असतं. मला ते कंटाळवाणं वाटतं, आणि ज्यांची माणसं गेली त्यांच्यावर अन्याय करणारंही.

कारण खरा प्रभाव पडला तो त्या टुकार माइकचा. महागडा स्टुडिओ नाही, बँडही नाही, तरी एकट्याने खोलीत बसून अल्बम करता येतो, हे जगभरच्या पोरांना कळलं. अमेरिकेत वुल्व्हज इन द थ्रोन रूम या बँडने या आवाजात आपल्याकडची जंगलं आणली, आणि डेफहेवनने २०१३ मध्ये तो चक्क गुलाबी मुखपृष्ठाच्या अल्बमवर नेला. जुन्या चाहत्यांचा तिळपापड झाला, हे सांगायला नकोच.

नॉर्वेतही चक्रं फिरली. ज्यांच्या नावाने लोक दार लावून घेत, त्यांच्यातल्याच डिम्मू बोर्गिर या बँडने २०११ मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीच्या वाद्यवृंदासोबत ऑस्लोत कार्यक्रम केला. होय, रेडिओच्याच वाद्यवृंदासोबत! आणि २०१४ साली नॉर्वेच्या राज्यघटनेला २०० वर्षं झाली, तेव्हा त्या सोहळ्यासाठी संगीतरचना सोपवली गेली एन्स्लेव्हड बँडच्या इवार ब्योर्नसन आणि वार्द्रुना बँडच्या आयनार सेल्विककडे. हा सेल्विक एकेकाळी गॉर्गोरोथ या ब्लॅक मेटल बँडचा ड्रमर होता.

ऐकायचं मनात आलं, तर रात्री हेडफोन लावून, आवाज बेताचा ठेवून ऐका. आणि खरखर सुरू झाली, की पाच मिनिटं तरी बटणाला हात लावू नका.