सेंटरबोर्डचं दुखणं भोकात असतं

मित्रहो, एंटरप्राइज ही शिडाची बोट जुनी विकत घेणारा माणूस आधी शीड उलगडतो, मग डोलकाठीवरून हात फिरवतो, मग रंग बघतो. बोटीच्या पोटातल्या अरुंद पेटीत उभी असलेली फळी बघायची राहून जाते, कारण वरून तिचा जेमतेम वीतभर भाग दिसतो. आज बोलायचं आहे ते त्या फळीबद्दलच, म्हणजे सेंटरबोर्डबद्दल.

एंटरप्राइज ही जॅक होल्ट यांनी 1956 साली रेखाटलेली, 4.04 मीटर लांबीची, निळ्या शिडांची दोन माणसांची बोट. आपल्याकडचे सेलिंग क्लब आणि सैन्यदलांची नौकाकेंद्रं यांत ती अनेक दशकं चालत आली आहे, त्यामुळे जुनी मिळते ती बरेचदा हीच. तिचा बोर्ड पेटीत एका आडव्या बोल्टवर फिरतो. वारा शिडाला आडवा ढकलतो, बोर्ड पाण्यात ती ढकल अडवतो, म्हणून बोट पुढे जाते. हा सगळा भार पेटीच्या फटीच्या कडा आणि तो एकच बोल्ट झेलतात.

जुन्या बोटीच्या तीन तक्रारी नेहमी ऐकू येतात: बोर्ड अडकतो, बोर्ड खडखडतो, तळाशी पाणी येतं. तीन वेगळे आजार समजून त्यांवर तीन वेगळे उपाय केले जातात. पण बहुतेक वेळा मूळ एकच असतं, बोल्टचं भोक. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना वॉर्निशचे चार हात असतात, पण भोकाच्या आतली भिंत कोरीच राहिलेली असते. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात आणि त्या पाणी पितात. लाकूड फुगतं, बोर्ड पेटीला घासायला लागतो. ओलं लाकूड मऊ पडतं, बोल्ट त्यात रुततो आणि गोल भोक लंबगोल होतं. त्यात बोल्ट टोकापर्यंत आट्यांचा असेल तर त्या आट्या कानशीसारखं काम करतात. मग प्रत्येक लाटेला बोर्ड झटका देतो, तो झटका पेटीच्या भिंतीतल्या भोकांना बसतो, तीही मोठी होतात, आणि तिथून पाणी आत येतं.

खोलण्याआधी गळती नेमकी कुठली ते ठरवा. तळ कोरड्या फडक्याने पुसा. बोल्टच्या दोन्ही टोकांभोवती आणि पेटी तळाला जिथे मिळते त्या सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. बोट माणसांशिवाय पाण्यात सोडा. पावडर जिथे पहिल्यांदा भिजते ती जागा खडूने खुणवा. बोल्टभोवती भिजली तर आजचा विषय. सांध्यावर भिजली तर आधी मधली आडवी बसण्याची फळी तपासा. पेटीचा माथा ती धरून ठेवते. तिचे स्क्रू सैल असतील तर पेटी डावी-उजवी डुलते आणि खालचा सांधा चिरतो. अशा वेळी फळी घट्ट न करता सांधा भरला, तर तो पुन्हा चिरणारच. बसण्याची फळी घट्ट झाली की सांधा खरवडून पूर्ण कोरडा करा, त्याच्या कोपऱ्यात घट्ट इपॉक्सीची (राळ आणि तिला कडक करणारा हार्डनर मिसळून होणाऱ्या मालाची) गोलाई द्या आणि वर 50 ते 75 मिमी रुंदीची काचतंतूची पट्टी बसवा.

आता खोलणं. डोलकाठी उतरवा, बोट जुन्या टायरांवर कुशीवर झुकवा. माणसं दोन हवीत. बोर्डाची दोरी आधी सोडा, एकाने बोर्डाला आधार द्यावा आणि मगच दुसऱ्याने नट काढावा. बोल्ट अडला तर गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा आणि पितळी दांड्याने ठोका, थेट हातोड्याने नको. तरीही नाही हलला, तर हॅकसॉचं नुसतं पातं, एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून, बोर्ड आणि पेटी यांच्या फटीतून घालून बोल्ट कापता येतो. वेळ लागतो, पण पेटी शाबूत राहते.

बोर्ड बाहेर आला की लोक पहिली चूक करतात: अडकत होता म्हणून त्यावर रंधा मारतात. कृपा करून तसं करू नका. तो फुगलेला आहे. आज तासलेला बोर्ड वाळल्यावर पेटीत डुलायला लागेल. आधी वाळवा, सावलीत, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा उभा. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर वजनकाटा पुरतो. दर दोन दिवसांनी वजन लिहा, सलग तीन वेळा तेच आलं की बोर्ड वाळला. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हे वजन स्थिर होतच नाही, म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावं. वाळल्यानंतर प्रत्येक बाजूला 2 ते 3 मिमी मोकळी फट राहायला हवी. त्याहून कमी असेल तरच तासायचा विचार करा.

आता भोक. भोक लंबगोल झालं असलं तरी एक बाजू सहसा झिजलेली नसते. नवा बोल्ट त्या बाजूला टेकवा, मिळेल तो खरा मध्य. 6 मिमी प्लायचा तुकडा घ्या, बोर्डाच्या वरच्या आणि पुढच्या कडेला टेकतील असे दोन ठोकळे त्याला लावा आणि मध्य त्यावर उतरवून घ्या. हा साचा जपून ठेवा, नंतरची सगळी अचूकता त्यावर आहे. जुन्या भोकात लाकडी खुंटी ठोका, साच्यावरून मध्य खुणवा आणि 22 मिमीच्या होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) अर्धं एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने कापा. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडचा प्लाय उचकटतो. आतली भिंत काळी किंवा मऊ दिसली तर टणक लाकूड लागेपर्यंत मोठं करा.

खालून पॅकिंगची चिकटपट्टी लावा. आधी पातळ इपॉक्सी ब्रशने भिंतीला पाजा. लाकूड ती पिऊन कोरडं दिसायला लागेल, पुन्हा पाजा. पिणं थांबलं की भरणीची इपॉक्सी घाला. त्यात बारीक कापलेले काचतंतू आणि कोलॉइडल सिलिका (घट्टपणा आणणारी बारीक पूड) मिसळून ती श्रीखंडाइतकी घट्ट करा. चमचा उपडा केला तर पडू नये. हलकी, सहज घासली जाणारी पूड इथे चालत नाही, कारण ही जागा भार घेणार आहे. 20 मिमी जाडीच्या बोर्डात 22 मिमीचं भोक म्हणजे साडेसात मिली माल. पंधरा-वीस ग्रॅम पुरे. प्रमाण डब्यावरचंच घ्या आणि ते वजनाचं आहे की मापाचं, हे दोनदा वाचा. हार्डनर जास्त घातल्याने इपॉक्सी लवकर सुकत नाही, ती कायमची चिकट राहते. पृष्ठभागावर मिमीभर उंच भरा.

वेळेबद्दल एक गोष्ट. तापमान चढत असताना लाकडातली हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे काढते, म्हणून सकाळी इपॉक्सीचा हात देऊ नका. दुपार उतरायला लागली की द्या आणि दव पडायच्या आत संपवा. सुकल्यावर वर तेलकट थर जाणवला तर आधी पाणी आणि घासणीने धुवा. पॉलिश पेपर नंतर. न धुता घासलं तर तो थर खोल बसतो आणि पुढचा हात सुटतो.

दोन दिवसांनी साचा लावून आधी 3 मिमीचं मार्गदर्शक भोक, मग बोल्टच्या मापाचं, ड्रिलशेजारी गुण्या उभा धरून. बोल्ट हाताने सरकावा, पण हलवला तर टकटक वाजू नये. आतून बुश (बोल्टभोवतीची नळी) घालायचा असेल तर नायलॉनचा नको, तो पाण्यात फुगून बोल्ट आवळतो. अॅसिटल (एक टणक प्लास्टिक) किंवा ब्रॉन्झचा घ्या. पेटीच्या भिंतींतली दोन भोकंही याच रीतीने, मोठी करून, भरून, पुन्हा पाडून घ्या. हा भाग टाळला तर बाकीचं सगळं काम अर्धंच राहतं.

बोल्ट निवडताना आट्या फक्त नटपुरत्या, बाकी दांडा गुळगुळीत. आटी आत असेल तर पाणी तिच्या वळणावरून जिन्यासारखं आत चढतं. खाऱ्या पाण्यासाठी 316 स्टेनलेस किंवा सिलिकॉन ब्रॉन्झ. 304 स्टेनलेस बाहेरून चकचकीत दिसतो आणि आत, जिथे ओल आहे पण हवा नाही, तिथे खड्डे पडून झिजतो. पितळातलं जस्त खारं पाणी खातं, मागे लालसर ठिसूळ तांबं उरतं. दोन्ही बाजूंना 3 मिमी निओप्रिनचा वायसर, त्याचं भोक बोल्टपेक्षा मिमीभर लहान, वर धातूचा रुंद वायसर, शेवटी नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा. रबर कडेने किंचित फुगलं की थांबा. आणखी आवळलंत तर पेटीच्या भिंती आत येतात आणि बोर्ड पुन्हा अडकतो. सिलिकॉन सीलंट इथे लावू नका, त्याचा अंश राहिला तर पुढे रंग किंवा इपॉक्सी धरत नाही.

बोर्डाच्या अंगावर काचकापड चढवायचं असेल तर चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाच्या कापडाचा एक थर प्रत्येक बाजूला पुरतो. त्यावरच्या हातांसकट बाजूला सुमारे अर्धा मिमी जाडी वाढते, ती फटीतून वजा करा. मागची कड सुरीसारखी करू नका. 2 ते 3 मिमी जाड, कोपरे कडक ठेवलेली कड टिकते. ती गोल केली तर वेगात बोर्ड घूं घूं वाजतो, कारण पाणी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने सुटतं. बोटीच्या तळाला पेटीची फट झाकणाऱ्या रबरी पट्ट्या फाटल्या असतील तर याच वेळी बदला, बोट आडवी आहेच.

लाकडी बोर्ड तरंगतो, म्हणून तो खाली टिकायला पेटीत थोडं घर्षण लागतं. वरच्या बाजूला रबराची एक पट्टी पुरते. बोट पाण्यात सोडल्यावर वीस मिनिटांनी टाल्कम पावडर पुन्हा भुरभुरा. ओल दिसली तर नटाला पाव फेरा द्या आणि बोर्ड वर-खाली करून बघा.