मालगाडीची आडवाट

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकरोडच्या फलाटावर पंचवटीची वाट बघत उभे असताना मधल्या रुळावरून धडधडत जाते ना, जिच्या वाघिणी मोजताना पोरांचं भांडण होतं, त्या मालगाडीबद्दल आज बोलायचंय. मुंबईकडे निघालेली ही गाडी कसाऱ्याचा घाट उतरते, कल्याणला पोचते आणि पुढे? पुढे ती मुंबईत शिरेलच असं नाही. पुष्कळदा ती शहराला बगल देते.

मुंबईत शिरायचं म्हणजे लोकलच्या गर्दीत शिरायचं. तिथे एका लोकलमागे काही मिनिटांत दुसरी लोकल. मालगाडीला नुसता वेग धरायलाच तेवढा वेळ लागतो. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत तिला कोण वाट देणार? त्यात गुजरातेतून येणारी पश्चिम रेल्वे आणि आपली मध्य रेल्वे एकमेकींना भेटणार दादरला, ऐन शहराच्या पोटात.

म्हणून ऐंशीच्या दशकात शहराबाहेरून वसई ते दिवा असा मार्ग घातला गेला. सुमारे 42 किलोमीटरचा. वसईरोड, जूचंद्र, कामण, खारबाव, भिवंडी, कोपर. दिव्याहून पनवेलचे रूळ आधीच होते, ते याला जोडले गेले. 1989 मध्ये न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं, 1998 मध्ये कोकण रेल्वे पुरी झाली आणि या आडवाटेचं महत्त्व वाढलं. पुन्हा सांगतो, लक्षात ठेवा: वसई, दिवा, पनवेल. गुजरातेतला माल मुंबईत न शिरता बंदरावर किंवा कोकणात जातो तो या वाटेने. कोपर स्टेशनात हे डोळ्यांनी दिसतं. खाली कल्याणच्या लोकल धावतात आणि वरच्या पुलावरून कंटेनरची गाडी आडवी जाते. कुणी कुणासाठी थांबत नाही.

थांबण्यावरून आठवलं. आमचे मामा मालगाडीवर गार्ड होते. आता या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. मला विचाराल तर पाटी बदलण्यापेक्षा त्या शेवटच्या डब्यात धड बसायची सोय करायला हवी होती, पण ते असो. मामा कंटेनरची गाडी घेऊन वसईहून पनवेलकडे निघाले होते. मे महिना, उन्हं कललेली. खारबावच्या अलीकडे सिग्नल लाल. पुढे यार्ड भरलेलं, त्यामुळे गाडी उभी ती उभीच. गार्डाने गाडी सोडून जायचं नसतं, हे तुम्हाला सांगायला नको. मामांचा डबा दुपारीच संपलेला. आणि रुळांच्या कडेला, हाकेच्या अंतरावर, मांडव! आगरी घरातली हळद होती. ज्यांनी आगऱ्यांची हळद पाहिली नाही त्यांनी लग्न पाहिलंय असं मी मानत नाही. बेंजो वाजतोय, बाया नाचताहेत, मटणाच्या रश्शाचा वास थेट ब्रेकव्हॅनपर्यंत.

तासाभराने चार पोरं रुळांजवळ आली. "दादा, जेवाला चला, आमचे घरा हलद हाय." मामा म्हणाले, बाबांनो, मला उतरता येत नाही. पोरं पळत गेली आणि ताटच घेऊन आली. तांदळाच्या भाकऱ्या, वर रस्सा. आता पंचाईत अशी, की मामा माळकरी. गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. एक म्हातारी मागून आली होती, ती पोरांवरच ओरडली, ताट परत पाठवलं आणि दुसरं आलं: भाकरी, वांग्याची भाजी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. मामांनी कांदा उचलला, वरचं लालसर पापुद्र्याचं साल बघितलं आणि विचारलं, "कुठला कांदा हा?" म्हातारी म्हणाली, नाशिकचा, टेम्पोतून आलाय.

इथे मामा सांगताना नेहमी थांबायचे. "अरे, माझ्या गावचा कांदा रस्त्याने येऊन फोडून झाला, आणि मी रेल्वेचा माणूस अजून सिग्नलला!"

जेवण होतंय तोवर त्या म्हातारीने हळदीचा हात मामांच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर पुसला. पाहुणा कोरडा कसा पाठवायचा? एवढ्यात इंजिनाची शिटी वाजली. मामांनी हिरवी बत्ती दाखवली, तर सगळा मांडव हात हलवायला लागला आणि बेंजोवाल्याने चाल बदलली. खरा त्रास घरी आल्यावर झाला. मामी बाही बघून म्हणाल्या, "ड्यूटीवर होतात ना? मग ही कुणाची हळद?" तो डाग निघेपर्यंत हा विषयही निघत राहिला.

तर सांगत होतो काय, आडवाट असली तरी ती कायम मोकळी राहत नाही. शहर वाढतं आणि तिच्यापर्यंत येऊन पोचतं. भिवंडीची गोदामं, कळंबोलीचा लोखंडबाजार बघा. लोक राहायला आले, त्यांना प्रवासी गाड्या हव्या झाल्या. आणि का नकोत? मग मालगाडीला पुन्हा थांबणं आलं. म्हणून तर न्हावाशेवा ते दादरी हा 1506 किलोमीटरचा, फक्त मालगाड्यांसाठीचा पश्चिम मार्ग आखला गेला. त्यातला वैतरणा ते न्हावाशेवा हाच टप्पा, म्हणजे मुंबईच्या वळशाचाच, सगळ्यात मागे पडला.

आपल्या नाशिकला मात्र असा वळसा काढावा लागला नाही. जीआयपीवाल्यांनी, म्हणजे मध्य रेल्वेच्या आधीच्या इंग्रजी रेल्वे कंपनीने, एकोणिसाव्या शतकातच रूळ गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांबून नेले. त्यापायी 1889 मध्ये आपल्याला स्टेशनापासून गावात घोड्यांची ट्राम आणावी लागली. ती ट्राम गेली आणि आपण रिक्षावाल्यांच्या हाती सापडलो. त्यावर बोलायला अख्खा दुसरा कार्यक्रम लागेल, आणि निवेदक मला घड्याळ दाखवताहेत.

नमस्कार.