पगारातले २०० रुपये

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर उघडलेली सॅलरी स्लिप. बोट हळूहळू खाली सरकतंय.]

स्लिप आली की आपण आधी बघतो, हातात किती पडले. वजावटीच्या रकान्याकडे लक्ष गेलंच तर पीएफ दिसतो, इन्कम टॅक्स दिसतो, आणि त्यांच्या आसपास अंग चोरून बसलेली एक ओळ. पी. टी., २०० रुपये. व्यवसाय कर. फेब्रुवारीत मात्र ३००. का, तर ११ महिन्यांचे २,२०० आणि वर हे ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० पुरे होतात. अकाउंट्समधला माणूस एवढं लगेच सांगेल. हे पैसे मुळात कुणासाठी कापायला लागले, हे विचारलंत तर बहुधा तोही खांदे उडवेल.

खडी फोडणाऱ्या बायकांसाठी.

[दृश्य: दुष्काळी कामाची कृष्णधवल छायाचित्रं.]

बहात्तरचा दुष्काळ. ज्या घरात तो कुणी पाहिलाय, त्या घरात आजही ताटात भाकरी टाकलेली चालत नाही. विहिरींना तळ दिसला, जनावरं दावणीवरून सोडून द्यावी लागली. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी रेशनवर मिळायची. रस्त्याच्या कडेला उन्हात बसून माणसं खडी फोडत होती आणि दुपारी सुकडी खात होती. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यात कालपर्यंत दुसऱ्याला मजुरी देणारे शेतकरीही होते. हातोडा उचलताना त्यांना काय वाटलं असेल, ते हजेरीपत्रकावर येत नाही.

दुष्काळात सरकारनं कामं काढायची रीत इंग्रजांची. १८७६-७८ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं मजुराची रोजी खाली आणली, एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. त्यामागचा विचार असा, की मजुरी इतकी तुटपुंजी ठेवा की खरोखर उपाशी असलेलाच येईल. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध आवाज उठवला. पण काम ही सरकारची मेहेरबानी आहे, हा समज पुढची ९०-९५ वर्षं टिकला.

तो मोडायचा प्रयत्न केला वि. स. पागे यांनी. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातला हा माणूस, सर्वोदयी विचारांचा, विधान परिषदेचा सभापती. त्यांचं म्हणणं साधं होतं. अंगमेहनत करायला तयार असलेल्या माणसाला काम मिळालंच पाहिजे, दुष्काळ असो नसो. तासगावातल्या विसापूर भागात आधी हा प्रयोग झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १ मे १९७२ रोजी रोजगार हमी योजना जाहीर झाली. १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा एकमतानं मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागणी केल्यावर १५ दिवसांत काम. नाही दिलं तर बेकारी भत्ता, दिवसाला किमान १ रुपया. रुपयात तेव्हाही फार काही येत नव्हतं, पण तो मागता येत होता. बाई-पुरुषाला एकच दर. देशात असा कायदा दुसऱ्या कुठल्याच राज्यात नव्हता.

आता पैसा.

[दृश्य: चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडणारी सकाळची गर्दी.]

१९७५ मध्ये व्यवसाय कर आला. नोकरदार, डॉक्टर, वकील, दुकानदार सगळ्यांवर. जोडीला वाहनांवर, बागायती जमिनींवर, शहरातल्या दुकान-कचेऱ्यांच्या जागांवर जादा आकारणी. या करांतून जेवढे जमतील तेवढेच पैसे राज्यानं तिजोरीतून घालायचे आणि रोजगार हमीचा निधी भरायचा. व्यवसाय कराचा मोठा वाटा अर्थातच मुंबईतून येणार होता. नरिमन पॉइंटच्या कचेरीतला कारकून बीडमधल्या भूमिहीन बाईच्या मजुरीला हातभार लावू लागला, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

शहरानं हे मुकाट्यानं कसं मान्य केलं? गावात काम मिळालं तर लोंढे मुंबईच्या फुटपाथवर येणार नाहीत, हाही हिशेब होता. आणि गावचे बागायतदार? त्यांचं तर भलंच झालं. पाझर तलाव खणायला जाणारी बाई पाहा. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब तसाच सोडलेला असतो, किती खोल खणलं ते मोजायला. त्या मापावर टोळीची मजुरी ठरते. ती हातात पडते आणि काम संपतं. तलाव भरला की पाणी झिरपतं खालच्या अंगाच्या विहिरींना. विहीर ज्याची, ऊस त्याचा. जिला जमीनच नाही, तिच्या वाट्याला त्या पाण्यातलं काय आलं? त्यात मधले हात वेगळेच. ‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही’ ही म्हण काही उगाच पडली नाही.

तरी एक सांगायला हवं. मापात मारलेलं असो की मुकादमानं खाल्लेलं, त्या मजुरीनं लाखो चुली पेटत ठेवल्या. कामांवर बायकाच मोठ्या संख्येनं होत्या. पाटलाच्या शेतावर कमी पैसे देऊ केले तर ‘मी तलावावर जाते’ म्हणायची सोय त्यांना पहिल्यांदाच मिळाली.

ती सोय पुढे आखडली. १९८८ मध्ये किमान वेतन दुप्पट झालं, त्याबरोबर हमीची मजुरीही वाढली. कामावरची गर्दी वाढायला हवी होती, पण हजेरी घटली. कारण मजुरी वाढली तरी कामंच कमी काढली गेली. १९९० पासून याच योजनेतून खासगी शेतांवर फळबागा उभ्या राहिल्या. आंबा, डाळिंब, बोर. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचा फायदा झाला, नाही म्हणता येणार नाही. पण झाड लावायला जमीन लागते. दरम्यान कर नेमानं गोळा होत होता, आणि वर्षानुवर्षं जमा जास्त, खर्च कमी असा प्रकार चालला.

कर देणाऱ्या टोकाची गंमत तर आणखी वेगळी.

[दृश्य: पुन्हा सॅलरी स्लिप. २०० च्या आकड्याभोवती वर्तुळ.]

१९७३-७४ मध्ये देशात इन्कम टॅक्सचा सर्वात वरचा दर अधिभारासकट ९७.७५ टक्के होता. इतका कर कोण भरणार? दर खाली आले, यायलाच हवे होते. पण १९८५ मध्ये वारसांवरचा मृत्यूकर गेला आणि २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्का भारतीयांकडे देशातली ४०.१ टक्के संपत्ती होती.

व्यवसाय कराची मर्यादा मात्र १९८८ नंतर जागची हलली नाही. ती घटनेच्या २७६ व्या कलमात आहे. वर्षाला २५० रुपये होती, १९८८ मध्ये ती २,५०० झाली. तेव्हा १० ग्रॅम सोनं ३,००० रुपयांच्या आसपास होतं. आज ते लाखाच्या पुढे आहे आणि मर्यादा तिथेच. महिन्याला १०,००० च्या थोडं वर कमावणारा सिक्युरिटी गार्ड वर्षाला २,५०० देतो. तो ज्या टॉवरच्या दारात उभा असतो, त्याच्या वरच्या मजल्यावरचे साहेबही २,५०० च. महिलांना २०२३ पासून महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर सूट मिळाली, तेवढाच काय तो फरक.

[दृश्य: मराठवाड्यातलं एक गाव. फेब्रुवारीची दुपार. ग्रामपंचायतीचा ओटा.]

२००५ मध्ये हाच विचार देशाच्या कायद्यात आला. त्यात हमी वर्षाला १०० दिवसांची होती.

ज्या महिन्यात शहरात ३०० कापले जातात, त्याच सुमाराला इकडे रब्बीची काढणी उरकत येते आणि हाताला काम उरत नाही. कामाची मागणी नमुना ४ वर करायची. अर्ज घेतला जातो, पण पोचपावतीवर तारीख टाकताना समोरच्याचं पेन अडतं. तारीख पडली की १५ दिवस सुरू होतात आणि भत्त्याची जबाबदारी येते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

ओट्यावरच्या चौघी उठत नाहीत. एक जण म्हणते, ‘भाऊ, तारीख टाका, मग जातो आम्ही.’