पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबर २०१३मध्ये निवृत्त होताना सचिन तेंडुलकर यांनी क्रिकेट नियामक मंडळाला एक विनंती केली होती. आपला शेवटचा कसोटी सामना मुंबईत व्हावा, कारण चोवीस वर्षे देशोदेशीची मैदाने गाजवणाऱ्या या मुलाचा खेळ त्याच्या आईने, रजनीताईंनी, मैदानात बसून कधीच पाहिलेला नव्हता आणि त्यांच्या प्रकृतीला आता दूरचा प्रवास झेपणारा नव्हता. मंडळाने ते मान्य केले. वेस्ट इंडीजविरुद्धचा तो दोनशेवा कसोटी सामना वानखेडेवर झाला आणि रजनीताई चाकांच्या खुर्चीतून तिथे आल्या. सचिन ७४ धावांवर बाद झाले तेव्हा शतक हुकल्याची हळहळ साऱ्या देशाला वाटली. मला मात्र त्या डावाची थोरवी धावांत मोजावीशी वाटत नाही. आपला खेळ आईला प्रत्यक्ष पाहता यावा म्हणून मुलाने सामन्याची जागा मागून घेतली, ही गोष्ट मला त्याच्या कितीतरी शतकांहून मोठी वाटते.

वडिलांच्या बाबतीत ती संधी राहिली नव्हती. प्राध्यापक रमेश तेंडुलकर हे मराठीचे अध्यापक आणि कवी. मे १९९९मध्ये इंग्लंडमध्ये विश्वचषक स्पर्धा सुरू असतानाच त्यांचे निधन झाले. सचिन अंत्यसंस्कारांसाठी मुंबईला आले, घरच्यांच्या आग्रहाखातर परत गेले आणि २३ मे रोजी ब्रिस्टल येथे केनियाविरुद्ध त्यांनी नाबाद १४० धावा केल्या. शतक पूर्ण झाल्यावर त्यांनी आकाशाकडे पाहिले, ते दृश्य आपल्यापैकी अनेकांना आजही आठवत असेल.

मुलांनी नाव काढले की आईवडिलांचा ऊर भरून येतो, हे सांगायला रेडिओवरच्या भाषणाची गरज नाही. मला आज बोलायचे आहे ते त्या क्षणी आईवडील कुठे असतात याविषयी. बहुतेक वेळा ते तिथे नसतात. शेजाऱ्याच्या मोबाइलवर पाहतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचतात, किंवा मुलगी सुट्टीत घरी आली म्हणजे तिने आणलेले प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहतात.

यात काही वेळा कोणाचाच इलाज नसतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ऑलिंपिकचे कांस्यपदक जिंकला, तेव्हा तो फ्रान्समधल्या शातरू येथील नेमबाजी केंद्रात होता आणि शिक्षक असलेले वडील व गावच्या सरपंच असलेली आई इकडे कोल्हापूर जिल्ह्यात होती. ज्यांनी मुलाला कोवळ्या वयात खेळासाठी घराबाहेर पाठवले, त्यांनी त्याच्या सहवासाची कितीतरी वर्षे आधीच देऊन टाकलेली असतात. अशा पदकात त्या वर्षांचाही वाटा असतो, असे मी मानतो.

पण जिथे इलाज असतो तिथे काय घडू शकते, हे लष्कराकडून शिकावे. देहरादूनच्या भारतीय लष्करी प्रबोधिनीत दीक्षान्त संचलन झाले की नव्या अधिकाऱ्याच्या खांद्यांवर तारे लावण्याचा समारंभ असतो आणि तो मान आईवडिलांना दिला जातो. एका खांद्याशी आई, दुसऱ्या खांद्याशी वडील. ज्या हातांनी शाळेच्या गणवेशाची बटणे लावली, तेच हात आता थरथरत त्या ताऱ्यांशी झटत असतात आणि मुलगा ताठ उभा राहून, नजर समोर ठेवून, त्यांना हवा तेवढा वेळ देतो. या समारंभात आईवडिलांना प्रेक्षक म्हणून बसवून ठेवलेले नाही, त्यांच्या हाती काम दिले आहे, आणि म्हणून मला तो फार आवडतो.

आपल्या विद्यापीठांच्या पदवीदान समारंभांत असे का होऊ नये? मंचावर पाहुण्यांची रांग असते, लांबलचक भाषणे असतात, आणि घरात पहिल्यांदाच पदवी आणणाऱ्या मुलीची आई मात्र मंडपाच्या टोकाला, खांबाआड, माना उंचावून आपले माणूस शोधत असते. कित्येकदा प्रवेशपत्रिका कमी पडतात म्हणून तिला आतही येता येत नाही. पहिल्या दोन रांगा पालकांसाठी राखल्या, वयस्करांसाठी पायऱ्यांशेजारी उतार केला आणि काय चालले आहे ते मधूनमधून मराठीत सांगितले, तर खर्च फारसा वाढणार नाही.

मुलांनाही मला एक सांगायचे आहे. तुम्ही बोलावल्यावर आई बहुधा म्हणेल, "मी काय येऊन करू तिथं? मला काय कळतंय त्यातलं?" वडील म्हणतील, "रोज बुडंल, तूच जाऊन ये." ते खरे मानून फोन ठेवू नका. आपल्याकडे मुलांचे तोंडावर कौतुक करण्याची रीत नाही, दृष्ट लागेल अशी धास्ती असते, त्यामुळे त्यांची इच्छा ती अशी नकारातूनच बोलते. घरी परतल्यावर मीठमोहऱ्या ओवाळून तीच आई तुमची दृष्ट काढते, आणि बाजारात भेटेल त्याला वडील थांबवून सांगतात की आमची पोरगी फौजदार झाली. तुमच्यासमोर मात्र ते एवढेच विचारतात, "जेवलीस का?"

तेव्हा आमंत्रण तोंडदेखले नको. गाडीची तिकिटे तुम्ही काढा, मुक्कामाची सोय करा, बुडणाऱ्या रोजाचे पैसे त्यांना कमीपणा वाटणार नाही अशा बेताने त्यांच्या हाती ठेवा आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी ती जागा एकदा दाखवून आणा, म्हणजे समारंभाच्या दिवशी त्यांना बुजल्यासारखे होणार नाही. तुमचे गुरुजन, वरिष्ठ आणि सहकारी यांच्याशी त्यांची नावानिशी ओळख करून द्या. आणि ज्यांच्याकडे अशा समारंभांची व्यवस्था आहे, त्या प्राचार्यांना, कुलसचिवांना आणि कार्यालयप्रमुखांना माझी विनंती आहे की, पुढच्या समारंभाची आसनव्यवस्था ठरवताना पाहुण्यांच्या यादीआधी पालकांची यादी हाती घ्यावी.

नमस्कार.