टॉवर लांब, फोन कानाशी

श्रोतेहो, राम राम. गावात एखाद्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर येणार म्हटलं, की पहिली हरकत रेडिएशनची निघते. विचारणं रास्तच आहे. पण आपल्या शरीरात रेडिओलहरींची सर्वांत जास्त ऊर्जा शिरते ती टॉवरमधून नव्हे, कानाला लावलेल्या फोनमधून. नेटवर्क जितकं कमजोर, तितकी ती ऊर्जा जास्त.

कारण सरळ आहे. टॉवर जवळ असेल तर फोन हळू बोलतो, लांब असेल तर ओरडतो. 4जी फोन जास्तीत जास्त सुमारे 0.2 वॅट शक्तीने लहरी सोडतो; रेंज चांगली असेल तर तोच फोन याच्या शंभराव्या, हजाराव्या भागावरही काम भागवतो. धडगाव, तोरणमाळच्या डोंगरपाड्यांत, पत्र्याच्या शेडमध्ये, जाड धाब्याच्या घरात किंवा रावेर-यावलकडच्या दाट केळीबागेत फोन जवळजवळ पूर्ण ताकदीवर चालतो. केळीच्या पानांत पाणी भरलेलं, ते लहरी शोषून घेतं. बॅटरी भराभर उतरते तीही यामुळेच.

रेंजच्या दांड्यांवर फार विसंबू नका. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधल्या फोनच्या माहितीत जाऊन सिम स्टेटस उघडा, तिथे सिग्नलचा आकडा मिळतो. तो डीबीएम या एककात, उणे चिन्हासह असतो. 4जीवर उणे 85 चांगला, उणे 110च्याही खाली गेला म्हणजे फोन धापा टाकतोय. अशा वेळी लांबलचक गप्पा नकोत. शेडबाहेर, मोकळ्या बांधावर या, नाहीतर निरोप लिहून पाठवा. बोलायचंच असेल तर स्पीकर लावा किंवा वायरचा इयरफोन वापरा. अंतर दुप्पट झालं की तीव्रता साधारण चौथाईवर येते, म्हणून चार बोटांचं अंतरही कामाचं. नंबर फिरवल्यावर पलीकडून उचलेपर्यंत फोन कानाला लावू नका.

बाजारात रेडिएशन रोखणारे म्हणून स्टिकर विकतात. घेऊ नका. स्टिकरने अँटेना झाकला गेला, तर फोन उलट शक्ती वाढवतो. धातूच्या कव्हरचंही तेच.

आता नियम. भारतात फोनसाठी ‘सार’ची, म्हणजे शरीर लहरींची किती ऊर्जा शोषतं त्या मापाची, मर्यादा किलोमागे 1.6 वॅट आहे, एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून. फोनवर *#07# डायल केलं की बहुतेक हँडसेटमध्ये आकडा दिसतो. पण तो पूर्ण ताकदीवर मोजलेला असतो; 0.6चा फोन 1.1च्या फोनपेक्षा रोजच्या वापरात कमी ऊर्जा देईलच, असं त्यातून ठरत नाही. टॉवरची मर्यादा 2012च्या सप्टेंबरपासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली. 900 मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरींसाठी ती चौरस मीटरमागे 0.45 वॅट होते.

आणि कॅन्सर? 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना ‘2-बी’, म्हणजे ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवलं. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. पुरावा अपुरा, पण शंका पुरती फिटलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. 2024 साली याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. क्ष-किरण पेशींतले रासायनिक बंध तोडतात, तसे या लहरी तोडत नाहीत. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम उष्णतेचा आहे, आणि मर्यादा त्याच्याही बऱ्याच खाली ठेवल्या आहेत. घाबरू नका, पण मुलांच्या उशीखाली फोन ठेवू नका.

पेसमेकर बसवलेल्या माणसांनी मात्र खरोखर जपावं. फोन पेसमेकरपासून निदान 15 सेंटिमीटर दूर हवा. सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवू नका. बोलताना पेसमेकर ज्या बाजूला नाही, त्या कानाला लावा.

राहिला टॉवर. अँटेनाचा झोत समोर, जवळजवळ आडवा जातो; थेट खालच्या घरात तो फारच थोडा पोहोचतो. म्हणून बघायचं ते हे, की समोरची एखादी गच्ची अँटेनाच्या पातळीत, अगदी जवळ येते का. तशी शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर गावातल्या टॉवरची माहिती पाहता येते आणि शुल्क भरून आपल्या घराजवळ मोजणी करून मागता येते. ग्रामसभेत हरकत नोंदवायची असेल, तर त्या मोजणीचा कागद हाताशी ठेवून नोंदवा.