आजोबांच्या वहीतला उभा दंड

नमस्कार श्रोतेहो.

माझ्याकडे आजोबांची १९५१ सालची हिशेबाची वही आहे. रुपये-आण्यांचा काळ. साडेचार रुपये लिहायचे तर आधी चार आणि त्यापुढे दोन उभे दंड. एकच दंड असला की सव्वाचार, तीन असले की पावणेपाच. म्हणजे केसाएवढ्या एका रेघेची किंमत चार आणे!

गेल्या वर्षी ही वही मी एका दुकानातून स्कॅन करून आणली. पानं पांढरीशुभ्र, अक्षरं काळीभोर. बघून बरं वाटलं. पण घरी मूळ वहीशी ताडून वाचायला बसले, तेव्हा लक्षात आलं की फिकट शाईतले कितीतरी दंड गेलेत. साडेचाराचे सव्वाचार झालेत. अनुस्वारही ठिकठिकाणी पुसलेत. तेव्हापासून घरचे जुने कागद मी घरीच स्कॅन करते.

घोळ होता तो ‘ब्लॅक अँड व्हाइट’ या पर्यायाचा. तो निवडला की प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा, मधलं काही नाही. फिकट रेघ मग पांढऱ्यात जमा होते. म्हणून ‘ग्रेस्केल’ घ्या. कागदावर शिक्का किंवा लाल शाई असेल तर ‘कलर’. पान पिवळट, मळकट दिसेल. दिसू द्या. फोनमधली स्कॅनिंगची ॲप्ससुद्धा पान आपणहून पांढरं करतात, तो फिल्टर काढून टाका.

आता डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके. ३०० ठेवा. ३०० ला एका मिलिमीटरात साधारण १२ ठिपके येतात, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार सहा ठिपके रुंद होतो. १०० ला त्याच्या वाट्याला दोनच येतात आणि मग अनुस्वार कुठला, कागदावरचा डाग कुठला, हे कळत नाही. पंचांगासारखा बारीक टाइप असेल तर ६००.

जुन्या पातळ कागदाची आणखी एक अडचण असते, मागच्या पानावरची अक्षरं पुढे उमटतात. याचा उपाय आहे पानामागे ठेवलेला काळा कागद! स्कॅनरचं झाकण आतून पांढरं असतं. पानातून आरपार गेलेला उजेड त्यावरून परत फिरतो आणि मागची अक्षरं सोबत घेऊन येतो. काळा कागद तो उजेड गिळून टाकतो. पान जरा गडद येतं, पण ते नंतर उजळता येतं. माझ्या वहीचा निम्मा त्रास या एका काळ्या कागदानं संपला.

स्कॅनरची काच आधी मऊ फडक्यानं पुसा. पाणी काचेवर शिंपडू नका, फडकंच किंचित ओलं करा. काचेवरचा एक कण प्रत्येक पानावर त्याच जागी उमटतो आणि नको तिथे अनुस्वार देऊन जातो. जीर्ण कागद आपोआप पानं ओढणाऱ्या यंत्रात मुळीच घालू नका, फाटतात.

स्कॅनर नसेल तर फोन चालतो. खिडकीजवळ बसा, पण पानावर ऊन नको. फ्लॅश बंद. डोक्यावरचा दिवाही बंद, नाहीतर आपलीच सावली पानावर पडते. सारख्या उंचीच्या दोन डब्यांवर फळी टाका आणि फोन तिच्यावर असा आडवा ठेवा की कॅमेरा कडेबाहेर येईल. हात हलत नाही आणि शिरोरेषा सरळ येते. पाठवताना मात्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो आकसतो आणि बारीक खुणा पहिल्यांदा जातात.

आणि ताडून पाहा. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला आढळलं की कार्यालयांत वापरली जाणारी काही स्कॅन यंत्रं चक्क आकडे बदलतायत, सहाच्या जागी आठ. फाइल लहान करताना यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकच समजून चिकटवत होतं. पान स्वच्छ, सुबक, आणि आकडा चुकीचा! म्हणून मी दर पानातल्या दोन-तीन ओळी, विशेषतः आकड्यांच्या, मूळ वहीशेजारी ठेवून वाचते. वेळ जातो, पण हे काम टाळू नका.

दिवाळीच्या पानावर एक नोंद आहे, ‘मुलीस परकर’, पुढे चार आणि दोन दंड. ती मुलगी म्हणजे माझी आत्या, आता ऐंशीच्या पुढची. परवा तिला ते पान पाठवलं. तिनं बोटांनी मोठं करून पाहिलं आणि लगेच फोन केला, “साडेचार गं. हिरवा होता तो परकर.”